चढ, गाडी आणि दाजींचा पाय

गाडीतच दोष निघू दे, अशी प्रार्थना मी आयुष्यात एकदाच केली. एरवी मेकॅनिक असली प्रार्थना करायला लागला, तर गिऱ्हाइकाने खुशाल दुसरं गॅरेज बघावं.

गाडी हॉस्पिटलची आणि चालवणारे माझे दाजी. हॉस्पिटल टेकडीच्या माथ्यावर, वस्ती पायथ्याशी आणि मधे वळणावळणाचा चढ. सकाळपाळीच्या नर्सेसना वर न्यायचं आणि रात्रपाळीच्यांना खाली आणायचं, हे काम दाजी केस काळे होते तेव्हापासून करत होते. नर्सेस त्यांना पायलट म्हणायच्या आणि त्या जुन्या टर्बो डिझेल व्हॅनला आजीबाई.

मला गाडी दाजींनीच शिकवली. शेजारी बसून गुडघ्यावर फूटपट्टी हाणायचे. "दाबायला काय, गाढवालाही येतं. वेळेवर पाय उचलता आला की ड्रायव्हर झालास म्हण." एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाला खरचटूही दिलं नव्हतं आणि त्याचा त्यांना ताठा होता. मी म्हणतो, का नसावा?

तर ही आजीबाई हल्ली चढावर धापा टाकायला लागली होती. सपाटीला गुणी बाळ, पण चढ लागला की ओढ खलास. नर्सेसना रोज उशीर. शेवटी वाहनांचं बघणारे साहेब स्वतः एकदा गाडी घेऊन वर गेले, एकटेच. गाडी सुरळीत चढली. साहेबांनी निकाल दिला की गाडी ठणठणीत आहे, माणूस थकलाय, पाय पुरता दाबतच नसेल.

हे कानावर गेलं आणि ताई गॅरेजमध्ये आली. ती इकडे फिरकत नाही. डिझेलच्या वासाने तिचं डोकं उठतं. पदर नाकाला लावून ती माझ्या स्टुलावर बसली.

"गाडीच बिघडलीय ना रे?"

"बघावं लागेल."

"परवा हे एका चपलेवर घरी आले. दुसरी कोपऱ्यावरच गळून पडली होती. मी म्हटलं, चप्पल कुठंय? तेव्हा खाली बघितलं आणि मग यांना कळलं."

दाजींना साखरेचा त्रास जुना. साखर पायाची जाणीव खाते, हे मीही ऐकून होतो. मी हातातला पाना उगाच पुसत राहिलो.

"पाय गेला असेल तर त्या पोरींना घेऊन हे रोज दरीच्या कडेने जातायत," ताई म्हणाली. "गाडी की पाय, ते तू बघून सांग. आणि मला बरं वाटावं म्हणून काहीबाही सांगू नकोस. तुझी ती खोड मला ठाऊक आहे."

गाडी गॅरेजमध्ये उभी करून मी सगळं पाहिलं. हवेचा फिल्टर स्वच्छ. डिझेल फिल्टर नवा टाकला, फरक शून्य. इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दांडा बोटाने हलवून बघितला, घट्ट. उभ्या जागी इंजिन असं गोड चालत होतं की साहेबांचंच खरं वाटावं. पण ज्याला जिना चढताना धाप लागते, त्याला खुर्चीवर बसवून तपासून काय उपयोग? ओझं हवं होतं आणि चढ हवा होता. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेल्या गाडीत मीही बसलो.

या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटांखाली असतं. मी शेजारची सीट उचलून मागे टेकवली आणि उघड्या इंजिनापाशी हत्यारांच्या पेटीवर उकिडवा बसलो. गरम वाफ आणि वास थेट आत. दाजींच्या मागच्या सीटवर मोठ्या सिस्टर होत्या, सगळ्या नर्सेसच्या वरच्या.

"आम्ही पेशंटचं पोट उघडं टाकून प्रवास करत नाही हो," त्या म्हणाल्या.

चढ सुरू झाला. मी आधी इंजिन बघितलंच नाही, पाय बघितला. दाजी बूट काढून, मोज्यांवर गाडी चालवतात. बूट सीटच्या कडेला, तोंड वर करून. पेडल पायाला कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पाय तळापर्यंत दाबलेला होता. गाडी तरी रखडत होती आणि मागच्या काचेत काळा धूर दिसत होता.

तो धूर बघून माझा जीव भांड्यात पडला. काळा धूर म्हणजे डिझेल पुरेपूर येतंय, हवा कमी पडतेय. आणि पाय दाबल्याशिवाय डिझेल पुरेपूर येत नाही. म्हणजे पाय आपलं काम करत होता. हवा कुठे जातेय तेवढंच शोधायचं होतं. टर्बोची शिट्टी चढत गेली आणि मधेच फुस्स झाली. मी टर्बोकडून हवा आणणाऱ्या जाड रबरी नळीवरून, होजवरून, हात फिरवला. वरून धडधाकट. खालून बोटं नेली आणि तळहातावर गरम फुंकर आली. होज पोटाशी चिरला होता. उभ्या गाडीत ती चीर मिटून राहायची. दाब वाढला की तोंड उघडायची. रिकाम्या गाडीत बसलेल्या साहेबांना ती कुठून दिसणार?

"सापडलं," मी म्हणालो.

दाजींची मान तेवढी सरळ झाली. किती दिवस ते मान खाली घालून गाडी चालवत होते, ते मला तेव्हा कळलं.

दुपारी नवा होज बसवला. होज आवळणारी जुनी क्लिप गंजून घट्ट झाली होती. पिळली तर तिचा स्क्रू मधेच तुटला आणि अर्धा तुकडा टण् करून केबिनमध्ये कुठेतरी उडाला. चटई झटकली, सीटखाली हात घातला, सापडला नाही. जाऊ दे म्हटलं, गेला असेल खाली रस्त्यावर. दाजी नुसत्या मोज्यांत पायरीवर बसून चहा पीत होते. मग गाडी घेऊन घरी गेले.

संध्याकाळी मी ताईला सांगितलं, "पायाला काही झालेलं नाही. गाडीच दोषी."

"नक्की?"

"नक्की."

तिने डोळे पुसले आणि मला आग्रह करकरून जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सोबत गेलो. काम काहीच नव्हतं. कौतुक ऐकायचं होतं, दुसरं काय. सीट जागेवर होती आणि मी तिच्यावर ऐटीत बसलो होतो.

आजीबाई सुटली. चढावर एवढी ओढ मी त्या गाडीत कधी पाहिली नव्हती. मागे नर्सेस हसत होत्या. कुणीतरी म्हणालं, "पायलट, आज टेकऑफ का?" दाजीही हसले. पहिलं वळण गेलं. दुसरं, जिथे दरी रस्त्याला येऊन चिकटते, ते नेहमीपेक्षा फार लवकर समोर आलं.

इंजिनाचा आवाज उतरायला हवा होता. उतरला नाही.

"दाजी."

"हं." त्यांची नजर वळणावर होती. हात स्टिअरिंगवर बरोबर फिरत होते.

"दाजी, पाय."

"उचललाय की."

मी खाली बघितलं. पाय पेडलवरच होता, तळापर्यंत. मी वाकलो, त्यांचा घोटा धरला आणि पाय ओढून बाजूला काढला. दाजींनी हँडब्रेक खेचला. मागचं चाक खडीवर सरकलं, गाडी कडेच्या दगडांकडे तिरकी झाली आणि थांबली. मागून कुणाचा तरी डबा घरंगळत पुढे आला.

"पेडल अडकलं," दाजी म्हणाले. ओठ पांढरे पडले होते. "बघ, अडकलंय."

अडकलेलं असू दे, मी मनात म्हणत होतो. मी खाली गुडघ्यांवर बसलो आणि हाताने पेडल दाबून सोडलं. ते टपकन वर आलं. परत दाबलं, परत आलं. स्प्रिंग घट्ट, केबल मोकळी. पण बोटांना काहीतरी ओलं लागलं. तेल असेल म्हणून बोटं उजेडात धरली. तेल लाल नसतं.

मोठ्या सिस्टर माझ्या हाताकडे बघत होत्या. त्या उतरून दाजींच्या दाराशी आल्या, त्यांचा पाय बाहेर घेतला आणि मोजा सोलला. काळा मोजा, म्हणून काही दिसलं नव्हतं. तळव्याला, अंगठ्याच्या खाली, भोक पडलं होतं.

"दुखत नाही?" सिस्टरनी विचारलं.

"काय?" दाजी म्हणाले.

मी सीटच्या कडेचा बूट उचलून उलटा केला. गंजलेला अर्धा स्क्रू रस्त्यावर पडला. मी तो लगेच ओळखला. पहाटे दाजींनी तो बूट घालून गाडी धुतली होती, पाणी आणलं होतं, गाडीभोवती फेऱ्या मारल्या होत्या.

पायाची परीक्षा मीच घेतली होती, आणि फक्त दाबण्याची. उचलण्याची घेतलीच नाही. तो होज फाटका होता तोवर गाडी रांगत होती, उशिरा उचललेला पाय तिला चालून जात होता. मी तिला जोर दिला आणि दाजींना दरीच्या काठावर आणून सोडलं. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

दाजींनी तो तुकडा मागून घेतला आणि तळहातावर ठेवून बघितला. मग सरकून शेजारच्या सीटवर बसले. मी ड्रायव्हरच्या दारातून चढलो.

वर हॉस्पिटलमध्ये सिस्टरनी जखम धुऊन पट्टी बांधली आणि डॉक्टरांना दाखवली. रात्रपाळीच्या नर्सेस ताटकळल्या होत्या. त्यांना घेऊन मी उतरायला लागलो.

"सेकंडमध्ये ठेव," दाजी म्हणाले.

"ठेवलाय."

वळण जवळ आलं. "उचल," ते म्हणाले, अगदी वेळेवर. मी पाय उचलून ब्रेकवर नेला, गाडी वळली. आणि वळण निम्मं झाल्यावर त्यांचा पट्टी बांधलेला पाय समोरच्या पत्र्यावर दाबला गेला, जणू तिथे ब्रेक होता.

पुढच्या वळणावर तेच. "उचल." मग पाय. मी सांगितलं नाही, पण आता तेही खाली बघत होते.

"तोंड वेळेवर आहे," ते म्हणाले.

"हो."

"आणि पाय?"

ताईने सांगितलं होतं, बरं वाटावं म्हणून बोलू नकोस. जिभेवर आलेलं सगळं गिळलं.

"उशिरा येतो, दाजी."

त्यांनी मान हलवली. नर्सेस आपापल्या कोपऱ्यावर उतरत गेल्या. प्रत्येकीला दाजींनी नेहमीसारखं "सांभाळून जा" म्हटलं.

घरापुढे गाडी थांबवली तेव्हा ताई दारात उभी होती. गाडीकडे तिने बघितलं नाही. कोण कुठल्या दारातून उतरतंय, तेवढंच बघितलं.