केरबाला आणायला आखाडा बाळापूरला

आमच्या पुण्याच्या कारखान्यातला सगळ्यात चांगला वेल्डर केरबा सुट्टीवर गावी गेला आणि तिथूनच राजीनामा कळवला. मी त्याची सुपरवायझर. साहेब म्हणाले, "जाऊन घेऊन या. पगार वाढवू म्हणावं." अशा रीतीने मी मराठवाडा पाहिला.

नांदेडपर्यंत रेल्वेने जावं. तिथून हिंगोलीची एसटी धरली की वाटेत आखाडा बाळापूर. बायकांना अर्धं तिकीट. चहा स्टँडवरच पिऊन घ्या, पुढे नुसती शेतं आहेत. मार्चमध्ये गेलात तर जागोजाग हळद शिजत असते. तो वास दोन धुण्यांत जात नाही.

केरबा माळावर मेंढरं राखत होता. सोबत शेजारचे सदाकाका. मी पगाराचं सांगितलं, बढतीचं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"काम चांगलंच होतं, मॅडम. डोक्यावर ऊन न्हाई, येळेवर जेवण."

"मग काय झालं?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडच्या वस्तीवर एक म्हातारी वारली होती.

"काका, मेंढरं बघा."

"व्हय."

एवढंच. केरबा मोटारसायकलवर निघून गेला. सदाकाका मेंढरं बघत बसले, मी घड्याळ.

"कधी येतील ते?"

"येईल की. मयतीच्या घरून कोन टाइम सांगून येतं?"

त्यांनी अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्या हातावर ठेवला. "तुमचं काम कोन बघून राहिलं आता?"

"कुणी नाही. परत गेल्यावर मलाच करायचंय."

"मंग तुमालाच तकलीफ हाय," ते म्हणाले.

केरबा आला तेव्हा ऊन उतरलं होतं. माझ्यासमोर येऊन बसला.

"माझा मामा वारला तवा सुट्टीचा अर्ज दिलता. तुमी दुसऱ्या दिशी मंजूर केला. मी आलो तवर राखसुदीक सावडून झालती. त्यानंच वाढवलं होतं मला."

मला तो अर्ज आठवला. त्या दिवशी कामाची गर्दी होती.

"तुमी नियमानंच केलं," तो म्हणाला. "पर इथं मला इचारावं लागत न्हाई."

पगारवाढीचं पत्र मी पर्समधून काढलं नाही. केरबा स्टँडपर्यंत सोडायला आला आणि एसटी हलेपर्यंत उभा राहिला.

प्रवास कसा झाला, असं ऑफिसात सगळे विचारतात. चांगला झाला. रस्ता उत्तम आहे.

सोमवारी त्याच्या राजीनाम्याचा फॉर्म भरायचा होता. कारणांच्या चार चौकटी: पगार, अंतर, तब्येत, इतर. "पगारावर खूण करा," साहेब म्हणाले, "वरच्यांना तेच समजतं." मी 'इतर'वर केली. तपशिलासाठी पुढे एक रेघ होती. तिच्यावर माझं नाव लिहिलं.