बारशाआधी सांगितलेलं नाव

आमच्या बाबांना मुलींची नावं ठेवायची भारी हौस, आणि तीही जगावेगळी. घाटकोपरच्या आमच्या चाळीत दर दुसऱ्या घरात एक शोभा नाही तर एक शालिनी होती. बाबा म्हणायचे, "हे काय रेशनचं धान्य आहे का, सगळ्यांना एकाच पोत्यातलं?" माझं नाव त्यांनी 'र'वर संपणारं ठेवलं, आणि धाकटी झाली तेव्हा तिचंही तसंच. शेजारणी नाकं मुरडायच्या. शाळेत तर पहिल्याच दिवशी बाईंनी मला मुलांच्या रांगेत उभं केलं होतं. पण आम्हा दोघींना त्या अक्षराचा केवढा तोरा! सुट्टीत गॅलरीत बसून आम्ही आमच्या पुढच्या लेकींची नावं काढायचो. केशर, कस्तूर, अंबर, नूपुर, बहार, झुंबर. झुंबर ऐकून धाकटी हसून लोळायची. "ताई, पोरगी जाडी निघाली तर छताला टांगणार कशी गं?"

त्या खेळातलं नाही, पण पुढे लग्न होऊन मी मुलुंडला गेले आणि दिवस राहिले तेव्हा मला एक नाव सुचलं. 'र'वरच संपणारं, कुणाचं म्हणून कधी ऐकलेलं नाही, आणि इतकं गोड की एकटी असताना मी ते पुटपुटायची. ते नाव इथे लिहीत नाही. एकदा सांगून बसले तेवढं पुरे झालं.

आमच्यात बारशाआधी नाव फोडत नाहीत. बाराव्या दिवशी आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते, बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, मगच ते चारचौघांत येतं. माझ्या नणंदेच्या कानात मी आयत्या वेळी नाव घालणार होते. नवऱ्यालासुद्धा पत्ता लागू दिला नव्हता. फक्त धाकटीला सांगितलं. बाळंतपणाला माहेरी आले होते, ती माझे सुजलेले पाय चेपत होती, आणि माझ्याच्याने राहवलं नाही. तिने गळ्याला हात लावून शपथ घेतली. "मेले तरी बोलणार नाही, ताई."

मुलगीच झाली. आणि बारशाच्या आतच गेली. ताप आला, डॉक्टर आले, संध्याकाळी ती नव्हती. शेजारून मागून आणलेला पाळणा आईने पदराखाली डोळे पुसत परत केला. कानात कुर्र झालं नव्हतं, म्हणजे जगाच्या लेखी तिला नावच नव्हतं. घरचे तिला 'ती' म्हणत, मग तेही म्हणेनासे झाले. पण मला ती नावानिशी ठाऊक होती. मला आणि धाकटीला.

दोनेक वर्षांनी धाकटीला मुलगी झाली. तिचं सासर अंधेरीचं, पण पहिलं बाळंतपण म्हणून बारसं आमच्या घाटकोपरच्या खोलीतच. मी जावं की नाही, याच विचारात होते. मूल गेलेली बाई अशा ठिकाणी पुढे पुढे करत नाही. पण हिने सगळ्यांसमोर हाक मारली, "ताई, पाळण्याची दोरी तू धर." दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मला इतकं भरून आलं! म्हटलं, माझी बहीण लाखात एक. मी दोरी धरली. तिची नणंद वाकली, कुर्रर्र केलं, बायकांनी धपाटे घातले, सगळ्या खिदळल्या. मग नणंद सरळ झाली आणि तिने नाव सांगितलं.

माझ्या लेकीचं नाव.

"अय्या, काय वेगळंच नाव गं! कुणी काढलं?" बायकांचा गलका. बाबा खूश, छाती फुगवून, "आमचं अक्षर आहे ते!" आणि धाकटी मान खाली घालून हसत होती. कौतुक घेत होती मेली! माझा हात दोरी ओढतच होता. चोरी माझ्या डोळ्यांदेखत झाली होती आणि साक्षीदार कोण, तर खुद्द चोर. कारण रीत पाळून मी दुसऱ्या कुणाला नाव सांगितलंच नव्हतं. आता तोंड उघडलं असतं तर सगळ्या म्हणाल्या असत्या, हिच्या पोटात दुखतंय.

घुगऱ्या वाटायच्या निमित्ताने मी तिला मोरीपाशी गाठलं. "हे काय केलंस?"

ती लगेच रडवेली झाली. "ताई, रागावू नकोस ना. ते कुणाचं झालंच नव्हतं गं. बारसं कुठे झालं होतं तिचं? इतकं छान नाव, वाया जाणार होतं."

"वाया? रात्रीची उरलेली भाजी आहे का ती?"

तेवढ्यात आई आली. म्हणाली, "काय कुजबुजताय? बाहेर पानं खोळंबलीत." मी घुगऱ्यांचं पातेलं उचललं आणि बाहेर वाढायला गेले. दुसरं काय करणार होते?

पुढे मला पुन्हा मुलगी झाली, आणि ही जगली, देवाची कृपा. बारशाला मी नणंदेला सांगितलं, तुम्हाला आवडेल ते ठेवा. तिने चारचौघींसारखं 'ई'वर संपणारं नाव ठेवलं. बाबांचा चेहरा पडला. "आपलं अक्षर सोडलंस?" मी हो म्हटलं. का सोडलं, ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

धाकटीशी बोलणं काही मी तोडलं नाही. सणवार, हळदीकुंकू, अंधेरी-मुलुंड येणंजाणं, सगळं चालू राहिलं. भाची गुणी पोर, तिचा काय दोष! तिचे मी लाड केले, फ्रॉक शिवले, केस विंचरले. फक्त हाक मारायची ती 'बाळा', 'सोन्या', 'ए पोरी' अशी.

भाची दुसरी-तिसरीत असेल, तेव्हा एकदा मी अंधेरीला गेले होते. पोरी खाली खेळत होत्या, आम्ही दोघी भाजी निवडत होतो. धाकटी खाली बघूनच म्हणाली, "ती मला विचारते गं, मावशी मला नावाने का नाही बोलवत. एकदा तरी हाक मार ना तिला."

म्हटलं, "मारते की. रोज मारते, मनातल्या मनात."

तिचा चेहरा उजळला.

"पण ती तुझ्या मुलीला नसते," मी म्हटलं.