सोडावाल्यांच्या दोन खोल्या

चांगुणाला नगरमध्ये खोली मिळेना, यात तिचा काही दोष नव्हता. पाथर्डीकडं पाऊस फिरकलाच नव्हता, विहिरींचे तळ उघडे पडले होते आणि निम्मा तालुका नगरला येऊन खोल्या शोधत होता. तिचा नवरा कानिफनाथ आडतेबाजारात पोती वाहू लागला. ती स्वतः एका आडत्याकडं धान्य निवडायला बसू लागली. सासू कडूबाई मालधक्क्याजवळ ताडपत्रीखाली दिवसभर गाठोडी राखत बसायची. हाताला काम मिळालं, रेशनच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी मिळाली. छप्पर तेवढं मिळेना.

सर्जेपुऱ्यात एका बाईनं खोली दाखवली. खोली झकास होती, पण तिला स्वतःचं दार नव्हतं. आतबाहेर करायचं ते मालकिणीच्या स्वयंपाकघरातून.

"मी सोवळ्यात असले की कुणी ये-जा करायची नाही," बाई म्हणाली.

"सवळ्यात कवा असता?"

"सकाळी आणि संध्याकाळी."

"मग दुपारी येऊ-जाऊ."

"दुपारी मी झोपते," बाई म्हणाली.

झेंडीगेटजवळची खोली स्वस्त होती, पण आत म्हैस बांधलेली. चांगुणानं विचारलं, "आमी आल्यावर हिला कुटं बांदनार?" मालकाला प्रश्नच कळेना. "ती कशाला जाईल? ती तुमच्या आधीपासून राहते." कानिफनाथाला ती जागा पसंत होती, हिवाळ्यात ऊब राहील असं त्याचं म्हणणं. पण मालकानं कडूबाईला म्हशीपुढं उभं केलं, म्हशीनं दोनदा मान फिरवली, आणि मालक म्हणाला, "नाही जमायचं."

अशात एके सकाळी बाजारातल्या नळावर एक सायकलवाला रांग मोडून पुढं घुसला. चांगुणा गावाकडं एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावरच्या शेळ्यांना हाक मारायची. त्याच आवाजात तिनं सायकलवाल्याचा असा समाचार घेतला, की तो डबे तिथंच टाकून गेला. बाजूला उभे असलेले राधाकृष्ण सोडावाले हे कान देऊन ऐकत होते. ते जवळ आले आणि म्हणाले, "बाई, तुला खोली पाहिजे का?"

राधाकृष्ण आणि मच्छिंद्र हे सख्खे भाऊ. बापाचा सोडावॉटरचा धंदा होता. वाटणीत थोरल्या राधाकृष्णाला गॅस भरायचं यंत्र मिळालं आणि धाकट्या मच्छिंद्राला बाटल्या. त्यामुळं दोघांचाही धंदा बसला, तरी पंचांनी न्याय केला याबद्दल दोघांचीही तक्रार नव्हती. तक्रार होती ती दिल्लीगेटच्या आतल्या बोळातल्या घराची. समोरासमोर दोन खोल्या, मध्ये फरसबंद अंगण, अंगणात नळ. दोघांचंही म्हणणं, सगळं माझं. थोरल्यानं एका खोलीला कुलूप घातलं, धाकट्यानं दुसरीला, आणि दोघे कोर्टात गेले.

"भाडं किती?" चांगुणानं विचारलं.

"भाडं नाही. नुसतं राहायचं. आणि भांडायचं."

"कुनाशी?"

"समोरच्या खोलीत माझा भाऊ कुणाला तरी आणून बसवणार आहे. जो येईल त्याच्याशी. हद्दीवरून, नळावरून, कशावरूनही. गप्प बसलं की हक्क जातो, असं वकील म्हणतात." मग त्यांनी आवाज उतरवला. "पण बाप्या माणूस नको बरं का. बाप्या शिरला की बूड हलवत नाही. तुझा नवरा?"

चांगुणानं क्षणभर विचार केला. "सुरतेला गिरनीत हाय," ती म्हणाली.

संध्याकाळी ती धावतपळत ताडपत्रीकडं आली, तर कानिफनाथही हसत बसलेला. त्यालाही खोली मिळाली होती. बाजारात त्याच्या मिशा आणि खांदे बघून एका शेठनं फुकट खोली देऊ केली होती. म्हातारी आई चालेल, पण बायको नको, ही अट. बायका समोरच्यांकडं वाटीभर साखर मागायला जातात आणि दावा बिघडतो, असं शेठचं मत. कानिफनाथानं सांगून टाकलं होतं, लगीनच झालेलं न्हाई.

"शेटचं नाव काय?" चांगुणानं विचारलं.

"मच्छिंद्र सोडावाले."

मग चांगुणानंही आपल्या मालकाचं नाव सांगितलं. शेवटी कडूबाई म्हणाली, "म्हंजी आपल्याला दोन खोल्या. लई व्हतंय. लोकं नावं ठेवतील."

अशा रीतीनं एका घरातली तीन माणसं एकाच दिवशी, वेगवेगळ्या वाटांनी, एकमेकांची वैरी होऊन त्या अंगणात राहायला आली.

पहिल्या भांडणाला राधाकृष्ण स्वतः हजर होते. कानिफनाथ नळावर हंडा लावून उभा होता. चांगुणा पदर खोचून पुढं झाली आणि म्हणाली, "अवो, समोरचं, हंडा काडा."

राधाकृष्णांना ते अजिबात पटलं नाही. तिला बाजूला घेऊन ते म्हणाले, "अवो काय? नाव घेऊन बोल. बिननावाचं भांडण कोर्टात टिकत नाही. कानिफनाथ नाव आहे त्याचं. पोराला मारतात तशी हाक मार."

आता आली पंचाईत. चांगुणानं नवऱ्याचं नाव घेतलं होतं ते लग्नात, तेही उखाण्यात, मान खाली घालून. पण मालक ओट्यावर उभा होता आणि मालधक्क्यावरच्या ताडपत्रीला भोकं पडली होती. तिनं डोळे मिटले आणि आख्ख्या बोळाला ऐकू जाईल असं ओरडली, "कानिफ्या."

समोरच्या खोलीत कडूबाईच्या हातून तवा पडला. कानिफनाथ हंडा धरून जागच्या जागी थिजला आणि आईला ओ द्यावी तसा म्हणाला, "काय?"

"शाब्बास," राधाकृष्ण म्हणाले.

पहिले काही दिवस जड गेले. मग मात्र चांगुणाची जीभ सैल झाली. नळावरून किती भांडणार? दुष्काळात नळाला पाणीच एक दिवसाआड. तेव्हा विषय हळूहळू दुसरीकडं वळले.

"ह्याच्या घरात जी पोरगी पडंल तिचं वाटुळंच," ती अंगणात उभी राहून म्हणायची. "ती माहेराला निघाली की ह्याच्या पोटात दुकायला लागंल. म्हातारी दुदाची साय आपल्या वाटीत वडून घिईल अन् सुनंला म्हनंल, मांजरानं खाल्ली."

कडूबाई दारात यायची. "मांजरानंच खाल्ली ती," ती म्हणायची. मग कुणासमोर बोलतोय हे तिच्या ध्यानात यायचं. "आमच्याकडं मांजर असतं, तर त्यानंच खाल्ली असती."

कडूबाईलाही यात गोडी वाटायला लागली. सुनेला चारचौघांत टाकून बोलायची उभ्या जन्मात मिळाली नव्हती अशी मोकळीक मिळाली होती. पण सून उलट बोलते, हेही तिला तिथंच कळलं. शेजारची शिंपीण पुष्पावती भांडणाची वेळ साधून भाजी निवडायला ओट्यावर येऊन बसू लागली. मच्छिंद्रशेठ खूश झाले आणि त्यांनी कानिफनाथाला सोडावॉटरच्या दोन बाटल्या बक्षीस पाठवल्या. आत साधं पाणी होतं. यंत्र थोरल्याकडं होतं.

अंधार पडला की कानिफनाथ मागच्या बोळातून वळसा घालून चांगुणाकडं जेवायला यायचा. एकदा भाकरी मोडता मोडता त्यानं विचारलं, "ते पोटात दुकायचं तू म्हनलीस, ते मालकासाटी का खरंच?"

"मालकासाटी," चांगुणा म्हणाली.

तो उरलेली भाकरी खाऊन उठला. पण नागपंचमी जवळ आली तसा एक दिवस आपणहून म्हणाला, "माहेराला जाऊन यायचं तर ये." तिकडंही दुष्काळच होता, जाऊन खायचं काय हा प्रश्नच होता, म्हणून ती गेली नाही. त्यानं विचारलं, हे मात्र ती दिवसभर मनात घोळवत राहिली. दुसऱ्या दिवशीचं तिचं भांडण इतकं मिळमिळीत झालं, की राधाकृष्णांनी तब्येत विचारली.

तब्येत खरोखरच बदलली होती. चांगुणाला दिवस गेले होते. पुष्पावतीच्या नजरेतून असल्या गोष्टी सुटत नसत. सुरतेचा नवरा एकदाही आलेला नाही आणि समोरचा माणूस अंधारात मागच्या बोळातून वळसा घालतो, हेही तिच्या लक्षात होतं. सगळ्या गोष्टी तिनं एकत्र करून बोळभर सांगितल्या.

राधाकृष्ण तडक अंगणात आले. त्यांना वाईट वाटलं होतं, पण ते चालचलणुकीचं नव्हतं. "समोरच्या माणसानं माझ्या हद्दीत अतिक्रमण केलं," ते म्हणाले आणि कित्येक वर्षांनी पहिल्यांदा भावाच्या दारात जाऊन उभे राहिले.

मच्छिंद्रशेठनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "माझा माणूस अंगण ओलांडत नाही," ते म्हणाले. "आणि ओलांडलं असेल, तर त्या खोलीत माझी वहिवाट झाली. उद्याच वकिलाला सांगतो."

शेवटी पंच म्हणून काकासाहेबांना बोलावलं. यंत्र आणि बाटल्यांची वाटणी याच म्हाताऱ्या गृहस्थांनी केली होती. अंगणात सतरंजी अंथरली, बोळातली माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. एका कडेला चांगुणा मान खाली घालून बसली, दुसऱ्या कडेला कानिफनाथ. आपण आता खोलीतून जातो की गावातून, एवढंच चांगुणाला कळत नव्हतं. नगरमध्ये आणखी एक म्हैस शोधावी लागणार, असं तिच्या मनात येत होतं.

काकासाहेबांनी दोन्ही बाजू ऐकल्या. "मूल थोरल्याच्या खोलीत होईल, म्हणजे ते थोरल्याच्या बाजूचं," ते विचार करत म्हणाले. "बाप धाकट्याच्या बाजूचा. आता राहिली ही बाई. असल्या बाईला..."

"असल्या म्हंजी कसल्या?" कडूबाई उठून उभी राहिली.

"आजी, तुम्ही बसा. तुमच्या मुलाचं आपण..."

"बसत न्हाई. असली म्हन्तूय. सून हाय ती माजी. मांडवात वाजंत्री लावून आनलीया. तोंडानं फटकळ हाय, पर सोन्यावानी पोर हाय, अन् तिला कुनी असली म्हनायचं काम न्हाई." मग कडूबाई चांगुणाजवळ जाऊन बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांकडं रागानं बघत राहिली.

चांगुणाला हुंदका फुटला. आत्याबाई आपल्या बाजूनं बोलतील हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

सगळा उलगडा व्हायला जरा वेळ लागला. तो झाल्यावर राधाकृष्ण आणि मच्छिंद्र एकमेकांकडं बघत राहिले. मग दोघे एकदम म्हणाले, "निघा इथून." कित्येक वर्षांत दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

पण निघायचं कसं? दोघांच्या वकिलांनी, वेगवेगळ्या टेबलांवर बसून, एकच सांगितलं. प्रत्येक भावानं कोर्टात शपथेवर लिहून दिलं होतं, की माझ्या खोलीत माझा कायदेशीर भाडेकरू जुन्या काळापासून भाडं भरून राहतो. आता त्यालाच बाहेर काढायचं, तर आधी आपण खोटं बोललो असं म्हणावं लागेल. ते म्हणायची दोघांचीही तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुष्पावती नेहमीच्या वेळेला सुपात भाजी घेऊन ओट्यावर आली. चांगुणानं नळ सोडला, हंडा भरला आणि समोरच्या दाराकडं बघून म्हणाली, "अवो, जरा हात लावा." कानिफनाथानं हंडा उचलून आत नेला. पुष्पावती थोडा वेळ थांबली आणि भाजी तशीच घेऊन घरी गेली.

भाडेकरूंना काढायचं कसं, याचा खल करायला दोघे भाऊ रोज संध्याकाळी त्या अंगणात बसू लागले. पावसाळा कोरडाच होता, बोलून घसा सुकायचा, म्हणून एकानं यंत्र आणलं, दुसऱ्यानं बाटल्या. पुढं दुकान पुन्हा उघडलं, आणि काकासाहेबांनी दोन्ही खोल्यांचं मिळून हमालाला झेपेल असं भाडं ठरवून दिलं. कानिफनाथ ते निम्मं इकडं, निम्मं तिकडं देत असे. मुलगी झाली ती थोरल्याच्या खोलीत. पाळणा टांगला धाकट्याच्या, कारण तिथली तुळई भक्कम होती.

त्यानंतर पाथर्डीकडचं कुणीही नगरला आलं की आधी चांगुणाला गाठायचं. ती काम आटोपून त्यांच्याबरोबर खोल्या बघत हिंडायची. लोक पाणी विचारायचे, उजेड विचारायचे. ती ओट्यावर टेकायची, घरमालकाच्या बायकोकडून तांब्याभर पाणी मागून घ्यायची, आणि पाणी पिऊन झाल्यावर विचारायची, "मालकाला भाऊ किती? बोलनं हाय का त्यांचं?"