एक बोट माया

मीना पगारेंना तयार पँट बसत नाही, हे मेन रोडवरच्या सगळ्या दुकानदारांना एव्हाना पाठ झालं असावं. पँट कमरेला बसली तर मांडीत अडकायची आणि मांडीतून सुटली तर कमरेत आणखी एक रुमाल खोचता येईल एवढी जागा उरायची. शेवटच्या दुकानातली मुलगी फार समजूतदारपणे म्हणाली, "मॅडम, पँटमध्ये काही प्रॉब्लेम नाहीये." मग प्रॉब्लेम कशात आहे, ते सांगायची तसदी तिने घेतली नाही. मीनाताईंना ते बरोबर कळलं आणि व्हायचा तेवढा राग आला.

त्याच रागात दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात त्या बोलून बसल्या, "माझी पँट मीच शिवणार. सोमवारी घालून येते, बघाच." ऐकायला होती शेजारच्या टेबलावरची चैताली. चैतालीच्या कानात सांगणं आणि नोटीस बोर्डावर लावणं यात फरक एवढाच, की नोटीस बोर्ड सगळे वाचत नाहीत. दुपारच्या चहापर्यंत प्राचार्यांनीसुद्धा विचारलं, "काय पगारे मॅडम, सोमवारी ना?"

शिवणकाम त्यांना नवं नव्हतं. त्यांची आई, सुलाबाई, विंचूरला अर्ध्या आळीचे ब्लाउज शिवायची आणि मीनाताई त्या मशीनच्या आवाजात लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. पण पँट बेतायची कशी हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी इंटरनेटवरून पॅटर्न उतरवला आणि झेरॉक्सवाल्याकडून त्याची पानं छापून आणली. त्या आडव्यातिडव्या रेषा पाहून झेरॉक्सवाल्याने विचारलं, "घराचा नकाशा का, मॅडम? प्लॅन पास झाला?"

"अजून नाही," मीनाताई म्हणाल्या.

शनिवारी सकाळी हॉलच्या फरशीवर पानं एकमेकांना चिकटवून झाली. नवरा बुद्धभूषण शाळेत इंग्रजी शिकवायचा, त्यामुळे पायाशी छापील इंग्रजी मजकूर पडलेला असताना गप्प बसणं त्याच्या जिवावर येई. कडेकडेने टीव्हीपर्यंत जाता जाता त्याने मोठ्याने अर्थ सांगितला, "शिवणीची माया यात धरलेली आहे. वेगळी सोडू नये."

"वाचलंय मी," मीनाताई म्हणाल्या.

वाचलं होतंच. पण सोफ्यावर सुलाबाई बसल्या होत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे आलेल्या. डॉक्टरांनी काळा चष्मा काढायला सांगून आठवडा झाला होता, पण तो आपल्याला शोभतो असं त्यांचं मत पडल्याने तो अजून नाकावरच होता. चॉक कापडाला लागला, तशी चष्म्याआडून सूचना आली, "माया सोड बरं, मीने."

"त्यात धरलीये, आई."

"त्यांनी धरली आसंल. तू सोडली का?"

झालं. शिवणीच्या आत दडवलेलं जास्तीचं कापड म्हणजे माया, आणि सुलाबाईंच्या घरात ती न सोडणं हे चपला घालून विहारात शिरण्यासारखं होतं. मीनाताईंचा चॉक आपोआप रेषेच्या बाहेर सरकला. माप घेताना टेपखाली एक बोट त्यांनी आधीच घातलं होतं, आणि साइजसुद्धा हातचं राखून एक नंबर मोठी निवडली होती. पॅटर्नची एक माया, मीनाताईंची दुसरी आणि विंचूरची तिसरी.

संध्याकाळी पँट घालून त्या आरशासमोर उभ्या राहिल्या. बुद्धभूषणने नीट निरखून सांगितलं, "छान झालीये. माझ्यासाठीपण जागा ठेवलीस, हे आवडलं."

एरवी त्यांनी उलट उत्तर दिलं असतं. आज त्या कॉटवर बसल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. चैताली काय म्हणेल याची धास्ती होतीच, पण दुखणं निराळं होतं आणि ते त्या आईलाच म्हणाल्या.

"आई, तू मला कधी माझ्या मापाचा कपडा घातलाच नाहीस. फ्रॉकची खालची दुमड दोन वर्षांनी सोडायची. स्कर्ट पुढच्या इयत्तेचा. लग्नातला ब्लाउजसुद्धा, काय तर म्हणे, नंतर अंगाला भरशील. आज मी जशी आहे, तशीला बसेल असा एक कपडा हवा होता मला. एकच."

बुद्धभूषण हळूच स्वयंपाकघरात गेला आणि चहाचं भांडं उगीच वाजवू लागला. सुलाबाईंनी काळा चष्मा काढला.

"तू वाढायची थांबत नव्हती ना," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "उद्या घाल ती पँट. उलटी घाल."

रविवारी मीनाताई पँट उलटी घालून खिडकीच्या उजेडात उभ्या राहिल्या. सुलाबाई बुटक्या स्टुलावर बसून त्यांच्याभोवती सेफ्टी पिना लावत सरकत होत्या. "श्वास धरू नको. सोमवारी बी घ्यावा लागंल." कंबर, मग मांडी, मग पोटरी. खुणेवरून कच्चा टाका झाला, त्यावरून मीनाताईंनी मशीनची टीप मारली. पट्टा उसवून आखूड केला. राहिली माया कापायची. मीनाताईंनी कात्री उघडली, पण ती पुढे जाईना. कापलं की संपलं, मग पुढे काही झालं तर सोडायला काही उरणार नाही, हे भय त्यांच्या हातात लहानपणापासून होतं.

"आण इकडं," म्हणत सुलाबाईंनी कात्री घेतली आणि करकर चालवली. कापडाच्या लांब पट्ट्या फरशीवर पडल्या. "सगळी काप," म्हणून लेक डोळे मिटून बसली होती.

सोमवारी चैतालीने मीनाताईंना ऑफिसच्या मधोमध गोल फिरवलं. पुढून पाहिलं, मागून पाहिलं, खोड काढायला काही सापडेना. शेवटी नाइलाजाने म्हणाली, "खरं सांगा ताई, कुठून घेतली?" मीनाताईंना याहून मोठं सर्टिफिकेट नको होतं. त्या दिवशी त्या कारण नसताना तीनदा उठून फाइली आणायला गेल्या.

घरी येऊन कपडे बदलताना मागच्या शिवणीला हात लागला. तिथे जाड वाटलं. त्यांनी पँट उलटी केली. बाकी सगळीकडे माया पॅटर्नबरहुकूम कापलेली, पण मागच्या शिवणीत, कमरेजवळ, एक बोटभर कापड दुमडून बारीक टाक्याने बसवलेलं होतं.

मीनाताई कात्री घेऊन हॉलमध्ये आल्या. सुलाबाई पुन्हा काळा चष्मा लावून टीव्ही बघत होत्या.

"आई, ही एवढी राहिली."

"राहिली नाय, ठेवली."

"सगळी काप म्हटलं होतं मी."

"सगळी कशी कापू?" सुलाबाई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या. "आई हाय मी तुझी. टेलर नाय."

मीनाताईंनी कात्री डब्यात ठेवली आणि पँट घडी करून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली.