आभार मानणारी संचालिका

आमची कंपनी बंद करायची ठरली, तेव्हा मला कळलं की ती माझीही होती.

लातूरच्या एमआयडीसीत ह्यांचा कारखाना होता, तूर-सोयाबीन साफ करायच्या चाळण्या बनवण्याचा. प्रायव्हेट लिमिटेडला दोन संचालक लागतातच, म्हणून लग्नाच्या वर्षी ह्यांनी माझी सही घेतली होती. मला वाटलं, गॅस कनेक्शनचे कागद असतील. नव्या नवरीनं काय विचारायचं! पुढं बाहेरून स्वस्त यंत्रं आली आणि यंदा कारखान्याला कुलूप लागलं. मला ते कुलूप लागल्यावरच समजलं. पण नुसत्या कुलपानं कंपनी बंद होत नाही म्हणे. सरकारदरबारी तिचं नाव काढावं लागतं, आणि त्याला दोन्ही संचालकांचं प्रतिज्ञापत्र लागतं.

सीए फाइल घेऊन घरी आले. पोह्यांच्या बश्या ठेवून मी आत निघाले, तर म्हणाले, "वहिनी, बसा. तुमच्याशिवाय होत नाही." असं मला कुणी कधी म्हणालं नव्हतं. मी पदराला हात पुसत बसले.

प्रतिज्ञापत्रात लिहिलं होतं, कंपनीचं मागाहून काही निघालं तर मी जबाबदार. मी? मी तर कारखान्यात दसऱ्याच्या पूजेपुरती जायची.

"मी काय काय केलंय ते तरी बघू द्या," म्हणत मी फाइल ओढली. दरवर्षीच्या सभांचे वृत्तान्त होते, इंग्रजीत. बी.ए.पर्यंत शिकलेली, अर्थ लागत होता. प्रत्येक सभेला मी हजर. प्रत्येक सभेच्या शेवटी मी अध्यक्षांचे आभार मानलेले. अध्यक्ष म्हणजे हेच. एका तारखेवर माझं बोट थांबलं. त्या दिवशी मी लोह्याला माहेरी होते, थोरलीचं बारसं होतं! लेकीला पाळण्यात घालून मी लातुरात आभार कशी मानत होते? हसू येत होतं, रागही येत होता. ही माझ्या नावाची बाई कोण, तेच कळेना.

"अहो, हे काय हाय?"

"पद्धत असती ती. लई विचार करू नको, कर सही."

शेवटच्या सभेचा कागदही तयार होता, आजच्या तारखेचा. सभा व्हायच्या आधीच मी आभार मानून मोकळी झाले होते.

"आधी सभा घ्या," मी म्हणाले. "मग बघते सहीचं."

सीए घड्याळाकडे बघू लागले. ह्यांनी टीव्ही बंद केला. अध्यक्ष दिवाणावर, संचालिका खुर्चीवर. कंपनी बंद करण्याचा ठराव सीएंनी वाचला.

मी विचारलं, "कारखाना बुडत चाललाय, हे मला कधी सांगणार होता तुम्ही?"

हे पंख्याकडे बघत राहिले. मला त्यांची कीव आली, आणि ती का यावी तेही उमगेना.

"आभाराची ओळ खोडा," मी म्हणाले.

सीए गोंधळले. "वहिनी, शेवटी कुणीतरी मानावेच लागतात."

हे म्हणाले, "मी मानले म्हणून लिहा. हिचे."

सीएंनी पेनानं तसं लिहिलं. मी वाट पाहिली. हे उठले, पोह्यांच्या दोन्ही बश्या उचलल्या आणि आत मोरीत नेऊन ठेवल्या. एवढ्या संसारात ह्यांना बशी उचलताना मी पाहिलं नव्हतं. ते आभार होते की सभेतून पळ काढणं, मला अजून ठरवता आलेलं नाही. सही मात्र मी केली, सगळं वाचून, पूर्ण नावानं.