दोन घंगाळं आणि माझं पॉलिश

माझ्या आईच्या वडिलांना मी भरदिवसा, घरच्या अंगणात, विजेच्या ग्राइंडरनं पुसून टाकलं.

घाबरू नका. आजोबा वारून जमाना झाला. मी पुसलं ते त्यांचं नाव. आणि तेही एकट्याचं नाही, सोबत काकूच्या वडिलांनाही घेतलं. (काम करायचं तर दोन्हीकडं सारखं करावं, असा माझा स्वभाव आहे.)

झालं असं, की आमच्या पोरीचं, स्वातीचं लग्न ठरलं. माझं मिरजगावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडं येतात, मी त्या खोलतो, तार भरतो आणि परत फिरायला लावतो. त्यामुळं घरात बंद पडलेलं, गंजलेलं, काळं पडलेलं काहीही दिसलं की माझे हात शिवशिवतात. आणि माझे हात शिवशिवले की बायकोच्या पोटात गोळा येतो. इतक्या वर्षांत तिच्या पोटाचा अंदाज एकदाही चुकलेला नाही.

आमच्या घरात रीत अशी, की नवरीचं हळदीचं न्हाण आजीच्या घंगाळातल्या पाण्यानं व्हायचं. घंगाळ म्हणजे अंघोळीचं पाणी काढायचं ते तांब्याचं, दोन कड्यांचं, पोट सुटलेलं भांडं. आता घरोघरी गीझर आले, पण माझी आई अजून रोज सकाळी घंगाळातच पाणी काढते. काकूचंही तसंच. काकू म्हणजे माझी चुलती, आमच्या भिंतीला भिंत लावून राहते. दोघी जावा एकाच मांडवातून या घरात आल्या. एकीचं घंगाळ मोठं, दुसरीचं लहान असं नको, म्हणून दोघींच्या वडिलांनी मिळून नगरला जाऊन एकाच दुकानातून, एकाच मापाची दोन घंगाळं घेतली आणि काठावर आपापली नावं ठोकून घेतली. आईच्या घंगाळावर श्रीगोंद्याकडचे 'मारुती बाबाजी', काकूच्या घंगाळावर 'गणपत रावजी'.

या दोन नावांच्या जिवावर दोन्ही संसार शेजारी शेजारी, भांडत भांडत, अगदी सुखात चालले होते.

"आक्का, माझं घंगाळ न्हेलं का काय तुमी?"

"मला काय करायचंय तुझं? माझ्या बापानं दिलंय की मला!"

एवढं झालं की दोघी चहाला बसायच्या.

लग्नाआधी आई, काकू आणि स्वाती बस्ता बांधायला कर्जतला गेल्या. मी दुकान बंद ठेवून घरी थांबलो. अंगणात दोन्ही घंगाळं काळीकुट्ट होऊन पडली होती. माझे हात शिवशिवले.

"आवो, राहू द्या," बायको म्हणाली. "चिंच-मीठ लावून मी घासते की संध्याकाळी."

"चिंचेनं काय हुतंय? हळदीचं शूटिंग हाय! ड्रोन येनार हाय वरून!"

"ड्रोन काय घंगाळात वाकून बघनार हाय व्हय?"

तिला काय कळतंय! मी मोबाईलवर एका गोऱ्या माणसाचा व्हिडिओ बघितला होता. त्यानं असंच एक काळं भांडं घेतलं, ग्राइंडरला आधी घासायची चकती लावली, मग कापडाची चकती, मग पॉलिशची वडी, आणि शेवटी त्या भांड्यात बघून दाढी केली. (त्याच्या देशात सासरा भांड्यावर नाव घालून देत नसावा, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.)

आधी मी लाकडी हातोडीनं पोचे काढले. आईच्या घंगाळाला मोठा पोचा होता, काकूच्याला बारके बारके होते. सगळे काढले! मग चकती फिरवली. पोट छान निघालं. काठावर मात्र काहीतरी खरखरीत लागायला लागलं, चकती अडायला लागली. मी म्हटलं, किती वर्षांचा मळ बसलाय बघा! आणि जोर लावला.

शेवटी पॉलिश झालं तेव्हा बायकोसुद्धा वाकून बघायला लागली. अशी चमक, की अंगणातल्या कोंबडीनं आपलं तोंड बघितलं आणि ती ओरडत पळाली. दोन्ही घंगाळं धुऊन बाजेवर पालथी घातली आणि आंघोळ करून, नवा शर्ट घालून कौतुकाची वाट बघत बसलो.

रिक्षा आली. काकू आधी उतरली.

"आगं बया बया! आक्का, बघा तरी! सोनं केलं की वो पोरानं!"

 आई बाजेवर टेकली, एक घंगाळ मांडीवर घेतलं आणि काठावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग दुसरं घेतलं.

"इष्णू," ती म्हणाली, "माझा बाप कुठाय?"

"आई, आजोबा तर मी जन्मायच्या आधीच..."

तेवढ्यात काकूनं चष्मा लावला. "आन माझा?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो घंगाळापेक्षा लख्ख होता.

"आई, चमक तरी बघ," मी म्हटलं. माणूस बुडताना काहीही धरतो.

"चमक काय चुलीत घालू? मला वाचता येत न्हाई, इष्णू. पर ह्या बोटाला त्याचं नाव येत हुतं."

मी तिच्या त्या बोटाकडं बघितलं. आईचं लग्न झालं त्याच वर्षी आजोबा गेले. त्यांचा फोटो नाही, पत्र नाही, काही नाही. रोज सकाळी पाणी काढताना ती काठावर बोट टेकवायची, ते मी लहानपणापासून बघत होतो. मला वाटायचं, पाणी किती गरम झालंय ते बघतेय!

"आता नातीचं न्हान कुनाच्या घंगाळात घालू मी?" आई म्हणाली. "ह्यातलं माझं कंचं?"

"डावीकडचं," मी ठोकून दिलं.

"कशावरनं?"

"पोच्यावरनं वळखू की," काकू म्हणाली. सगळ्यांनी पोचा शोधला. मी आकाशात बघत राहिलो.

आईनं एका घंगाळावर टिचकी मारली. टण्ण! "ह्यो आवाज माझ्या घंगाळाचा."

काकूनं त्याच घंगाळावर टिचकी मारली. टण्ण! "न्हाई आक्का, ह्यो माझ्या. रोज ऐकते मी."

आईनं एक कडी धरली, काकूनं दुसरी. दोघी सत्तरीच्या आसपास, पण काय ताकद! स्वाती मध्ये पडली, "आज्जी, सोडा, लागेल कुणाला तरी!" मी पुरुषमाणूस, काहीतरी करावं म्हणून त्यांच्या हातातलं घंगाळ काढून घेतलं, खाली ठेवलं आणि समोर उकिडवं बसून नळीनं काठोकाठ पाणी सोडलं. म्हटलं, पाण्यात काही खूण दिसली तर दिसली.

खूण दिसली. मळ समजून काठाजवळ जिथं जोर लावला होता, तिथून बारीक धार निघाली आणि थेट माझ्या नव्या शर्टावर आली.

दोघी एकदम दोन पावलं मागं सरकल्या.

"घ्या आक्का, तुमचंच हाय ते. तुमाला आवाज वळखू आला की!"

"न्हाई गं शांते, तू धाकली. माझा कान गेलाय आता. तूच घे."

"आसं कसं? मान थोरलीचा!"

बायको पदर तोंडाला लावून आत पळाली. मला वाटलं, सुटलो! पण आई त्या धारेकडं बघता बघता थबकली.

"आन हेच माझ्या बापाचं आसलं म्हंजे?" ती म्हणाली. "गळतंय म्हनून बाप टाकून द्यायचा?"

काकूचा चेहरा पडला. "व्हय की वो. माझ्या आण्णांचं बी आसंल."

आणि दोघींनी ते गळकं घंगाळ पुन्हा दोन्ही कड्यांना धरलं. आता खरंच कुणी सोडेना. दोघींच्या डोळ्यांत पाणी, आणि घंगाळातलं पाणी माझ्या पायावर.

शेवटी स्वाती म्हणाली, "आज्जी, दोन्हीत पाणी घालू या ना. आणि दोन्हीवर दोघांची नावं टाकू."

दोघींनी कड्या सोडल्या. आई म्हणाली, "पोरीला बापाची अक्कल आली न्हाई, देवाची कृपा."

मी तत्परतेनं म्हटलं, "नावं मीच टाकतो, माझ्याकडं ड्रिल हाय." त्यावर आतून परत आलेल्या बायकोसकट चार बायकांनी माझ्याकडं जे बघितलं, ते मी इथं लिहीत नाही.

बाजारात एकाकडून गळक्या घंगाळाला डाख लावून घेतला. मग दोघी दोन्ही घंगाळं घेऊन भांड्यांच्या दुकानात गेल्या. मला दुकानाबाहेर उभं केलं. कुणाच्या बापाचं नाव आधी, यावरून आतून बराच आवाज आला. मग ठरलं, एकावर मारुती आधी, दुसऱ्यावर गणपत आधी. (म्हणजे दोन घंगाळं पुन्हा वेगळी झाली आणि भांडणाची कायमची सोय झाली.) बाहेर आल्यावर आईनं रिक्षात बसून काठावर बोट फिरवलं. "अक्षर नवीन हाय," ती म्हणाली. "पर शिकंल बोट." मला बरं वाटलं. नाव कोरायच्या मशीनचा आवाज जरा जास्तच वेळ कसा काय आला, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

हळदीला दोन्ही घंगाळं मांडवात लखलखत होती. ड्रोन डोक्यावर घोंघावत होता. स्वातीला पाटावर बसवलं, आई आणि काकू पाणी घालायला उभ्या राहिल्या. हळद घेऊन आलेल्या विहीणबाई शिक्षिका, दिसेल ते मोठ्यानं वाचायची सवय. त्या वाकल्या.

"मारुती बाबाजी... गणपत रावजी... वा, छान! आणि खाली हे काय? 'विष्णूने हात लावू नये.' विष्णू म्हणजे कोण हो?"

आईनं, वाचता येणाऱ्या त्याच बोटानं, सगळ्या मांडवादेखत मला दाखवलं. ड्रोनसुद्धा माझ्याकडं वळला.

इतकी वर्षं या घरात राबतोय, पण एकाही भांड्यावर माझं नाव नव्हतं. आता दोन भांड्यांवर आहे. आणि इतकं खोल कोरलंय, की कुठल्याही पॉलिशनं निघत नाही. (बघितलं मी करून.)