मार खाऊन कडक झालेली पट्टी

मंडळी, आज चाकणच्या कंपनीनं माझा स्टेनलेसचा सगळा माल नापास केला. कारण काय, तर "नमुन्यापेक्षा मऊ." तळवड्याच्या वर्कशॉपमधून तडक तिथं गेलो.

त्यांचा नमुना म्हणजे स्टेनलेसची एक जुनी पट्टी. दर तपासणीला आधी तिचा कडकपणा मोजतात आणि माल तेवढा कडक लागतो. मोजायला मशिनचं हिऱ्याचं टोक तिच्यात दाबतात. पण दाबलं की खड्ड्याभोवतीचा धातूही कडक होतो, आणि त्या पट्टीवर आता खड्ड्याला खड्डा लागलाय.

मी म्हणालो, "साहेब, एवढ्या टोचण्या खाऊन मीसुद्धा कडक झालो असतो! कोरी पट्टी घ्या की."

"काका, मलाही कळतंय हो," म्हणत तपासणीचा इंजिनिअर मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला.

पार्टिशन पातळ, माझे कान तिखट. मॅनेजर म्हणाला, "नमुना बदलला, तर आजवर परत पाठवलेल्या मालाचं काय सांगायचं?"

इंजिनिअर बाहेर आला. माझ्याकडे न बघता त्यानं त्याच पट्टीत पुन्हा टोक दाबलं. आकडा आणखी वर.

माझ्या वर्कशॉपला हे एकच गिऱ्हाईक आहे. दर तपासणीला ती पट्टी आणखी कडक होणार. मग माझा माल पास कधी होणार, सांगा राव?